गहाण घराची सोडवणूक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत आपण घर गहाण ठेवतो, मग ते गहाण पडते आणि पुढे केव्हातरी आपण ते सोडवतो. विकलेली वस्तू कोणी सोडवत नाही, गहाण टाकलेलीच सोडवतात. म्हणजे घर दुसऱ्याकडे अडकले असले तरी ते परत यायचे आहे, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, सोडवायला मुदत किती आणि ती मुदत संपली हे ठरवायचे कोणी? या प्रश्नावर महाराष्ट्रात दीडशे वर्षे भांडण चालू आहे. त्यापायी दंगा झाला, आयोग बसला, कायदे झाले, त्या कायद्यांना पळवाटा निघाल्या आणि पुन्हा नवे कायदे झाले. मी दिवाणी कोर्टात बरीच वर्षे वकिली केली. या काळात गहाणाचे कागद हाताखालून पुष्कळ गेले. त्या कागदांमागचा इतिहास आज तुम्हांला सांगायचा आहे. ज्याच्या घरावर कर्ज आहे त्याला तो उपयोगी पडावा, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावापासून करू. डिसेंबर १८७४ मधली गोष्ट. बाबासाहेब देशमुख नावाचे गावातले वजनदार गृहस्थ सावकाराच्या देण्यात अडकले होते. देणे होते सुमारे दीडशे रुपयांचे. काळूराम नावाच्या सावकाराने कोर्टातून त्यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडून टाकले. दीडशे रुपयांसाठी देशमुखांचे घर जमीनदोस्त होते, तर आपली काय कथा, असे प्रत्येक कुणब्याला वाटले असल्यास नवल नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. शेतावर कोणी काम करीना, न्हावी हजामत करीना, पाणी भरायला माणूस मिळेना. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांतही गेले.

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या आणि आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी स्फोट झाला. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे व वह्या मागितल्या. मिळाल्या त्या जाळल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने ९५१ माणसे पकडली. पण चौकशी करणाऱ्या आयोगाने एक गोष्ट नोंदवली आहे, ती फार बोलकी आहे. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता.

कागदावर एवढा राग का? याचे उत्तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे, त्यानंतर त्यावर दावा चालणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे व्याज साचू नये म्हणून ही तरतूद केली होती. व्यवहारात घडले ते उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल, त्यावर चढलेले व्याज, सगळे मिळून नव्या रोख्याचे मुद्दल होई. त्यावर पुन्हा व्याज. पावती दिली जात नसे. कुळाला वाचता येत नव्हते. कोर्टाचे समन्स आले तरी तालुक्याला जायला पैसा नाही, गेले तरी बोलायला वकील नाही. म्हणून बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत. कागदावर अंगठा आहे ना, मग हुकूमनामा तयार!

याच काळात बाहेरच्या जगाचाही हिसका बसला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्याला सढळ हाताने उधारी मिळाली. युद्ध संपले, भाव पडला, उधारी आटली. १८३६ साली इंदापुरात झालेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून साराही वाढू लागला होता. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा. पैसा आणायचा कुठून? सावकाराकडून. म्हणजे सरकारच्या तारखेला सावकाराचा पैसा, आणि सावकाराच्या तारखेला सरकारचे कोर्ट. कुळ मधल्या मध्ये.

आता जरा साहेबाच्या देशात डोकावू, कारण आपला कायदा पुढे तिकडून आला. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत की जमीन कायमची गेली. एक दिवस उशीर झाला तरी गेली. हे अन्यायाचे आहे असे म्हणून लोक चान्सरी न्यायालयात जाऊ लागले, आणि सतराव्या शतकात त्या न्यायालयाने असा नियम पक्का केला की तारीख उलटली तरी कर्जदाराने मुद्दल, व्याज व खर्च आणून दिल्यास त्याला जमीन सोडवून मिळेल. गहाण म्हणजे पैशाला दिलेला आधार, तो आधार मिळाला की काम झाले, हे त्यामागचे तत्त्व. ‘एकदा गहाण ते कायम गहाण’ हे वचन वकिलांच्या तोंडी आले ते यातूनच. मग सावकारांनी विचारले, आम्ही किती वर्षे वाट पाहायची? त्यावर न्यायालयाने मार्ग काढला. सावकाराने अर्ज करावा, न्यायालय कर्जदाराला शेवटची मुदत देईल, तीही चुकली तर सोडवण्याचे दार बंद. या दार बंद करण्यालाच ‘फोरक्लोजर’ म्हणतात.

गंमत अशी की, आज आपल्या बँकांत हाच शब्द निराळ्या अर्थाने वापरतात. कर्ज मुदतीआधी फेडून खाते बंद केले की कारकून म्हणतो, ‘तुमचं लोन फोरक्लोज झालं.’ ग्राहक पेढे वाटतो. अमेरिकेत हाच शब्द ऐकून माणसाच्या पोटात गोळा येतो. म्हणून बँकेच्या कागदावर हा शब्द दिसला तर तो कोणत्या अर्थाने आहे ते विचारून घ्यावे. मुदतीआधी कर्ज फेडले म्हणून व्यक्तीकडून बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली, हेही लक्षात ठेवावे.

पुन्हा दख्खनमध्ये येऊ. आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. हा कायदा मी जेव्हा प्रथम सलग वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटले. दंगेखोर शेतकऱ्यांनी जे आगीने करू पाहिले ते या कायद्याने हिशेबाने करायला घेतले होते. कोर्टाने समोरचा रोखा पाहून थांबू नये, देण्याघेण्याचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा, असे त्यात सांगितले होते. मुद्दल वेगळे मांडावे, व्याज वेगळे मांडावे. मुद्दलात घुसडलेले जुने व्याज बाहेर काढावे. देणे हप्त्याने फेडण्याची सवलत कोर्टाला देता येईल. देण्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. जे घर किंवा जमीन खास गहाण लिहून दिलेली नाही, ती साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या नोंदणी अंमलदारासमोर लिहिला जावा, म्हणजे काय लिहिले ते त्याला वाचून दाखवले जाईल.

या कायद्याखाली खालच्या कोर्टांची तपासणी करण्यासाठी विशेष न्यायाधीश नेमले जात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ साली हायकोर्टात जाण्यापूर्वी हे काम केले. गावोगावच्या मुन्सफांचे निकाल तपासत ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे लेखन वाचताना हा फिरतीचा काळ ध्यानात ठेवला पाहिजे. शेतकऱ्याचे कर्ज त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी दाव्याच्या फायलीत पाहिले होते.

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. कोर्ट गहाणाचा हिशेब उकरते म्हटल्यावर सावकारांनी गहाण लिहून घेणेच कमी केले आणि सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे परत केलेस तर जमीन परत देईन, हे तोंडी सांगायचे. कागदावर विक्री आणि पोटात गहाण! आपल्याकडे याला ‘मुदत खरेदी’ म्हणतात, आणि हा शब्द अजून खेडोपाडी जिवंत आहे. शेवटी १९०७ साली या कायद्यात कलम घालावे लागले की, शेतकऱ्याच्या बाबतीत खरेदीखत हे खरे पाहता गहाण होते, असे दाखवायला तोंडी पुरावाही चालेल.

दरम्यान १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा देशात आला होता. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचे ६० वे कलम हे गहाण टाकणाऱ्याचे मुख्य कवच आहे. पैसे देय झाल्यानंतर केव्हाही ते आणून दिल्यास सावकाराने गहाण सोडलेच पाहिजे, कागद परत केले पाहिजेत, ताबा घेतला असेल तर तो परत दिला पाहिजे. हा हक्क दोघांच्या नव्या कराराने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. नुसती तारीख उलटली म्हणून तो जात नाही, आणि ‘अमुक दिवसात न फेडल्यास घर तुझे’ असे गहाणखतात लिहून दिले तरीही जात नाही. मात्र १९२९ साली एक दुरुस्ती झाली, ती प्रत्येकाने पाठ करावी. मुदत खरेदी हे गहाण आहे असे म्हणायचे असेल, तर परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली हवी. वेगळ्या कागदावर लिहिली किंवा तोंडी राहिली, तर या कलमाखाली तो व्यवहार गहाण ठरत नाही. ‘साहेब, तो म्हणाला होता की परत देईन’ हे वाक्य मी माझ्या कचेरीत किती वेळा ऐकले त्याची मोजदाद नाही. ते वाक्य बहुधा खरे असते आणि कोर्टात बहुधा कामाला येत नाही.

गहाण सोडवण्याचा दावा करायला आजच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षे मिळतात. कब्जे गहाणात, म्हणजे जमिनीचा ताबा व उत्पन्न सावकाराकडे असते त्या प्रकारात, नुसती तीस वर्षे लोटली म्हणून हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. आजोबांनी कब्जे गहाण दिलेले शेत नातवाला सोडवता येते ते यामुळे.

सावकारीला उतारा म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढे महाराष्ट्रात सहकारी बँकांचे जाळे उभे राहिले. १९४६ मध्ये मुंबई सावकारी कायदा झाला, १९४७ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा नवा कायदा आला आणि १८७९ चा कायदा निवृत्त झाला. सावकारीवर आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी घर किंवा जमीन बळकावली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते, आणि चौकशीअंती तो मालमत्ता परत देण्याचा हुकूम करू शकतो. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचे नाही, हा आपल्या धर्मशास्त्रातला जुना दामदुपटीचा नियमही या कायद्यात आहे. बँकांना मात्र तो लागू नाही.

आता शहरात येऊ. १९७७ साली मुंबईत एचडीएफसी ही गृहकर्जाची कंपनी निघाली. नोकरदार माणूस निवृत्तीच्या पैशातून घर बांधायचा, तो तिशीत घर घेऊ लागला. घराचे मूळ कागद बँकेत ठेवले की गहाण पुरे होते. आईचे दागिने सराफाकडे ठेवताना जी लाज वाटायची ती इथे वाटेनाशी झाली, कारण याला कोणी गहाण म्हणतच नाही, ‘होम लोन’ म्हणतात. पण कायद्याच्या डोळ्यांना ते गहाणच दिसते.

जोपर्यंत वसुलीसाठी दिवाणी कोर्टात जावे लागे तोपर्यंत हे फारसे टोचले नाही. दावे वीस-वीस वर्षे रेंगाळत. बँकांचा पैसा अडकून पडे, आणि तो पैसा अखेर तुमच्या-आमच्या ठेवींचाच होता, हेही विसरून चालणार नाही. १९९३ साली बँकांच्या मोठ्या वसुलीसाठी वेगळी न्यायाधिकरणे झाली. त्यानेही भागेना म्हणून २००२ साली ‘सरफेसी’ या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. १८८२ च्या कायद्याने कोर्टाशिवाय तारण विकण्याचा अधिकार थोड्याच प्रकारांत ठेवला होता. हिंदू किंवा मुसलमान कर्जदाराचे गावाकडचे घर कोर्टाबाहेर विकता येत नसे. सरफेसीने ते बंधन बँकांपुरते काढून टाकले. हप्ते ९० दिवस थकले की खाते बुडीत वर्गात जाते, आणि मग बँक स्वतःच नोटीस देते, ताबा घेते व विकते. कोर्ट नंतर, तेही तुम्ही गेलात तर! एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी ठरवले की हा अधिकार सहकारी बँकांनाही आहे. सावकाराच्या दारातून सोडवायला निघालेला सहकार आता स्वतः ताबा घेऊ शकतो.

म्हणून या कायद्यातले टप्पे माहीत असणे फार जरुरीचे झाले आहे. ते मी सावकाश सांगतो.

पहिली नोटीस साठ दिवसांची असते. त्या साठ दिवसांत तुम्ही लेखी हरकत पाठवू शकता. रक्कम चुकली आहे, भरलेले हप्ते जमा धरलेले नाहीत, जे असेल ते लिहा. बँकेने त्याला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. हे उत्तर देण्याचे बंधन सहजासहजी आलेले नाही. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २००४ रोजी कायदा कायम ठेवला, पण हरकतीचा विचार केलाच पाहिजे असे बजावले. न्यायाधिकरणात दाद मागण्याआधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरा, ही मूळ कायद्यातली अट त्याच निकालाने रद्द झाली. ज्याच्याकडे हप्त्याला पैसा नाही त्याने तीन चतुर्थांश रक्कम भरून न्याय मागावा, ही अटच अन्यायाची होती.

साठ दिवसांनंतर बँक ताबा घेऊ शकते. आधी कागदोपत्री ताबा असतो. दारावर नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, ती छापतात. तुमच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत ‘ताबा सूचना’ असतात ना, त्या ह्याच. माणसाला घराबाहेर काढायचे तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. वसुलीच्या माणसाने दांडगाई करून कुलूप ठोकणे कायद्यात बसत नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत, असेही रिझर्व्ह बँकेने बजावले आहे.

ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुंबई, पुणे, नागपूर येथे ती आहेत. कारवाई नियमबाह्य ठरली तर ताबा परत मिळू शकतो. दिवाणी कोर्टात जाऊन वेळ घालवू नये, कारण या बाबतीत त्याचे दार कायद्याने बंद केले आहे. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून किंमत काढावी लागते आणि कर्जदाराला पहिल्या विक्रीची तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. बँकेचे देणे व खर्च भागून उरलेली रक्कम ज्याची त्याला परत मिळते. तीही मागितली पाहिजे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. थकबाकी मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तरीही हा कायदा वापरता येत नाही.

आणि आता मुख्य प्रश्न. दार बंद केव्हा होते? पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे आणून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने हे दार अलीकडे ओढले. आता लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी सगळे देणे चुकते करावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे पक्के केले. लिलावाच्या आदल्या दिवशी भावाकडून, मेहुण्याकडून पैसे गोळा करून धावत जाणाऱ्याला आता हक्क म्हणून काही मागता येत नाही. १८७४ मध्ये कुळाच्या डोक्यावर रोख्याची तीन वर्षे लटकत होती. आज वर्तमानपत्रातली एक जाहिरात लटकते आहे. माझ्या मते हा बदल कठोर आहे. खरेदीदाराला खात्री हवी हे मान्य, पण सोडवण्याचा हक्क हा गहाणाचा प्राण आहे आणि तो जाहिरातीच्या तारखेने संपावा हे मनाला पटत नाही. तरीही कायदा आहे तो असा आहे, आणि आपल्याला त्यातून वाट काढायची आहे.

दुसऱ्या बाजूने, जुन्या लढ्यातली एक मागणी अलीकडे पुन्हा मान्य झाली. कोरोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती. त्या काळातल्या व्याजावर व्याज लावू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. हप्ता चुकल्याचा दंड व्याजात मिसळून त्यावर व्याज चढवायचे नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली काढला व २०२४ पासून लागू केला. मुद्दल वेगळे मांडा, व्याज वेगळे मांडा, हेच तर १८७९ चा कायदा सांगत होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या विधी साहाय्य केंद्रात एक बाई आल्या. नवरा शिवणकाम करायचा, आजारात दुकान बंद पडले आणि हप्ते थकले. पिशवीत बँकेची पाच पाकिटे होती. त्यातली चार फोडलेलीच नव्हती. ‘उघडून काय करायचं, पैसेच नाहीत तर,’ असे त्या म्हणाल्या. साठ दिवसांच्या नोटिशीतले अकरा दिवस उरले होते. आम्ही आधी खात्याचा उतारा मागवला. त्यात भरलेले दोन हप्ते दिसत नव्हते. लेखी हरकत गेली, चूक दुरुस्त झाली, आणि त्या निमित्ताने का होईना बँकेचा अधिकारी समोर बसून बोलला. हप्ते लहान करून मुदत वाढवून मिळाली. कर्ज माफ झाले नाही, रुपयाही सुटला नाही. पण घर राहिले. अकरा दिवसांऐवजी अकरा महिने गेले असते तर मीही काही करू शकलो नसतो.

तेव्हा कर्ज थकू लागले तर पहिल्या महिन्यातच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हप्त्यांची फेररचना होते का, एकरकमी तडजोड होते का, ते विचारावे. पेलणारच नसेल तर बँकेच्या संमतीने घर स्वतः विकावे. लिलावापेक्षा किंमत बरी येते. खात्याचा उतारा मागून तो वाचावा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कामगारांना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तो मागायला लाजू नये. आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते आणि वाचून दाखवणारा कोणी भेटत नव्हता. आपल्याला वाचता येते. बँकेचे पाकीट आले की ते त्याच दिवशी फोडावे आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. घर सोडवायचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.